पागोळीच्या रेषेवरून: दीदी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कांगड्यात पाच दिवस

मातीचं घर पाहायला गेलं की नजर आधी भिंतीकडे जाते. खरं म्हणजे आधी जमिनीकडे बघावं. वळचणीतून पडणाऱ्या पागोळ्यांनी अंगणात एक रेष कोरलेली असते. ती भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर असेल तर घर निर्धास्त आहे. वीतभरावर असेल तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतीचा पायथा पोखरला जाणार. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मातीची घरं बांधणाऱ्या दीदी कॉन्ट्रॅक्टर यांची कामं बघत फिरायचं तर एवढी एक सवय लावून घ्यायची, बाकी आपोआप कळत जातं.

दीदींचं मूळ नाव डेलिया किन्झिंगर. जन्म १९२९चा, अमेरिकेतला. आई-वडील दोघंही चित्रकार. वडील एडमंड किन्झिंगर मूळचे जर्मन. कॉलेजात कॉन्ट्रॅक्टर आडनावाच्या एका गुजराती इंजिनिअर तरुणाशी ओळख झाली, लग्न झालं आणि १९५१ मध्ये त्या भारतात आल्या. पहिला संसार नाशकात, भरल्या एकत्र कुटुंबात, त्यानंतर मुंबईत जुहूला. १९६०च्या दशकात उदयपूरच्या तलावातल्या राजवाड्याचं हॉटेल होत होतं, तिथल्या सजावटीसाठी सल्लागार म्हणून त्यांनी काम केलं. सत्तरच्या दशकात त्या कांगड्याला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. वास्तुकलेची पदवी नव्हती. तरी साठीच्या आसपास, जेव्हा माणसं वाडवडिलांचं घर विकून फ्लॅट घेतात, तेव्हा त्यांनी माती, दगड, बांबू आणि स्लेट घेऊन बांधायला सुरुवात केली. २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. ५ जुलै २०२१ रोजी त्या गेल्या.

पहिला दिवस: पठाणकोट ते सिद्धबाडी

पुण्याहून झेलम एक्सप्रेस पठाणकोट छावणी स्टेशनात तिसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. मुंबईकरांना वांद्र्याहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्सप्रेस सोयीची. विमानाने यायचं तर गग्गल. तिथून धरमशाला पंधराएक किलोमीटर. पण गग्गलची धावपट्टी लहान आणि ढग उतरले की उड्डाणं रद्द होतात, म्हणून परतीच्या दिवशी पुढचं कनेक्शन घट्ट ठेवू नये.

पठाणकोटहून जोगिंदरनगरला जाणारी १६४ किलोमीटरची नॅरोगेज हा खरं तर या खोऱ्यात शिरायचा सगळ्यात छान रस्ता. अडीच फुटांचा रूळ आणि एवढ्या डोंगराळ मुलखात बोगदे फक्त दोन, कारण १९२०च्या दशकात मार्ग आखणाऱ्यांनी डोंगर फोडण्यापेक्षा त्याच्या कडेने वळसे घेतले. मात्र ऑगस्ट २०२२च्या पुरात चक्की नदीवरचा पूल कोसळला आणि वाहतूक विस्कटली. गाडी कुठून कुठपर्यंत धावते ते आदल्या दिवशी स्टेशनात विचारूनच बेत करावा. नाहीतर बस: धरमशाला नव्वदेक किलोमीटर, तीन तास धरून चालायचं.

वाटेत खिडकीतून घरं मोजत जा. गिलावा केलेली मातीची भिंत आणि वर राखाडी स्लेट, हे जुनं कांगडी घर. त्याला लागून काँक्रीटचा, सळया वर उघड्या ठेवलेला मजला, हे नवं. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच अंगणात उभी दिसतात, आणि दुपारी घरची म्हातारी मंडळी कुठल्या घराच्या ओसरीवर बसलेली आहेत तेही दिसतं.

मुक्काम मॅक्लोडगंजला नको. गर्दी असते आणि ज्यासाठी आलो ते तिथे नाही. धरमशालेच्या खाली सिद्धबाडी किंवा रक्कडला खोली घ्यावी. चिन्मय तपोवन हा आश्रम आणि नोरबुलिंगका ही तिबेटी कलासंस्था, ही दोन ठिकाणं सगळ्या रिक्षावाल्यांना माहीत असतात, तेवढं सांगितलं की पुरतं.

दुसरा दिवस: सिद्धबाडी आणि खनियारा

दीदींचं बरंच काम याच टापूत आहे. पण त्यातली बहुतेक नांदती घरं आहेत, त्यांत माणसं राहतात. फाटकाबाहेरून बघावं, घरमालकाला विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि ‘आत येऊ का’ हा प्रश्न तर टाळावाच. निष्ठा संस्थेचा दवाखाना हा त्यांनी बांधलेला. तो चालता दवाखाना असल्यामुळे तिथेही पेशंटच्या वेळेत कॅमेरा घेऊन हिंडणं बरं दिसत नाही. सुदैवाने पाहण्यासारखं पुष्कळसं बाहेरूनच कळतं.

सुरुवात खालून. जोतं दगडाचं, नदीतल्या गोट्यांचं. इथे ओढ्याला ‘खड्ड’ म्हणतात आणि प्रत्येक खड्डात असे गोटे ढिगाने असतात. जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवं. कोकणात चिऱ्याचं जोतं बांधतात त्याचं कारणच इथे आहे: पागोळी जमिनीवर आपटून उडते तेव्हा चिखलाचे शिंतोडे फूटभर वर येतात, ते दगडावर पडले तर काही बिघडत नाही. मातीवर पडले तर रोज थोडी भिंत खरवडली जाते. धरमशालेला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्याच तोडीचा. मातीची घरं कोरड्या मुलखातच टिकतात असं म्हणणाऱ्याला इथे आणून उभं करावं.

दगडी जोत्याच्या वर मातीची भिंत सुरू होते, त्या सांध्यावर ओल अडवणारा थर लागतो. जुन्या घरांत स्लेटच्याच पाट्या सपाट अंथरलेल्या सापडतात. हा थर विसरला की जमिनीतली ओल भिंतीत चढते, फूट-दोन फुटांवर पांढुरका क्षार दिसायला लागतो आणि तिथला गिलावा चिमटीने निघतो. असा पट्टा दिसला की घरमालक हमखास सिमेंटचा गिलावा मारतो. मातीच्या घराला याहून मोठी इजा नाही. माती ओल शोषते आणि सोडते. सिमेंट तिला बाहेर सोडत नाही. आतली भिंत वर्षानुवर्षं दमट राहून लोण्यासारखी मऊ होते, आणि एक दिवस सिमेंटचा अख्खा पापुद्रा आतल्या मातीसकट खाली येतो. मग लोक म्हणतात, बघा, मातीचं घर टिकलं नाही.

मग भिंत. साधारण दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर जाड. कच्ची वीट ३० बाय १५ बाय १० सेंटिमीटरची धरली तर एकीचं वजन साडेसात किलोंच्या घरात जातं, आणि या जाडीच्या भिंतीला चौरस मीटरमागे ७५च्या आसपास विटा लागतात. म्हणजे पाऊणशे विटांचं एक चौरस मीटर साडेपाचशे किलोंच्या पुढे. लहानशा घराची शंभर चौरस मीटर भिंत धरा आणि हिशेब करा. माती लांबून ट्रकने आणायची म्हटलं तर सगळी स्वस्ताई तिथेच संपते. म्हणून दीदींच्या कामात माती शक्यतो जागेवरची. पायथा खणताना आणि उतार सपाट करताना निघालेली.

जाड भिंतीचा आणखी एक उपयोग त्या चित्रकाराच्या घरात वाढल्यामुळे जाणून होत्या: उजेड. खिडकीच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला तिरक्या तासल्या की लहान खिडकीतूनही उजेड पसरून येतो, एका ठिकाणी झगझगीत आणि बाकी अंधार असं होत नाही. वरून झरोके, भिंतीत कोनाडे, आणि घराच्या मध्यावर जिना. अडगळीत ढकललेला जिना त्यांच्या घरांत सापडणार नाही. भिंतींचे कोपरे गोलसर असतात. ते दिसायला छान असतातच, पण त्यामागे व्यवहारही आहे: मातीचा धारदार कोपरा धक्क्याने पहिला फुटतो.

दुपारून खनियाऱ्याला जावं. इथल्या स्लेटच्या खाणी जुन्या आणि प्रसिद्ध. आपण शाळेत ज्या पाटीवर गिरवलं तोच हा दगड. धौलाधार पर्वतरांगेच्या उतारावर तो पदरापदराने निघतो, छिन्नी लावून हातोडीने हलका ठोका दिला की वहीचं पान सुटावं तसा थर सुटतो. चांगली पाटी बोटाने वाजवली तर खणखणते. भद्द आवाज आला तर आत चीर आहे, ती पहिल्याच थंडीत दुभंगेल.

स्लेटचं छप्पर खालून वर चढवत जातात. प्रत्येक ओळीतल्या दोन पाट्यांमधली फट वरच्या ओळीतल्या पाटीच्या मध्याखाली आली पाहिजे. ही सांधेमोड चुकली की गळती ठरलेली. उतार तीस अंशांच्या आसपास. कमी ठेवला तर वाऱ्याबरोबर पाणी पाटीखालून उलटं वर चढतं. खिळा फार घट्ट ठोकायचा नाही, पाटी त्यावर लटकली पाहिजे. आवळली तर उन्हाने लाकूड हललं की पाटी तडकते. आणि माकडं! गिलाव्यापासून वाशांपर्यंत सगळं नीट केलं तरी छपरावरून उड्या मारणारी माकडं वर्षाला दोन-चार पाट्या सरकवतातच. पावसाळ्याआधी एकदा छपरावर चढून बघणं हा इथला नेम आहे.

स्लेटचं कौतुक करताना दोन गोष्टी लपवू नयेत. खाणींनी डोंगराचे उतार खरवडून काढले आहेत, राडारोडा ओढ्यांत उतरला आहे. आणि हे छप्पर जड आहे. सेंटिमीटरभर जाडीची पाटी चौरस मीटरला २७-२८ किलो भरते, एकावर एक चढवल्यामुळे ते दुप्पट होतं. पत्रा पाच किलोंच्या आतबाहेर.

याचा अर्थ काय होतो, ते या खोऱ्याने एकदा पाहिलेलं आहे. ४ एप्रिल १९०५च्या सकाळी कांगड्याला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसं गेली. कच्च्या विटांच्या, कोपऱ्यात नीट न बांधलेल्या भिंती, आणि त्यांवर ही जड छपरं. झोपेतल्या माणसांवर ती आली. मातीच्या घराची बाजू घेणाऱ्या कुणालाही आधी याचं उत्तर द्यावं लागतं.

उत्तर आहे, पण त्यात पळवाट चालत नाही. भारतीय मानक १३८२७ हे १९९३चं मानक खास मातीच्या घरांसाठी आहे. भिंतीची उंची तिच्या जाडीच्या आठपटीहून जास्त नको. दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहापटीहून जास्त नको. म्हणजे दीड फुटी भिंतीला उंचीची मर्यादा ३.६ मीटर, आणि साडेचार मीटरच्या आत आधाराची आडवी भिंत आलीच पाहिजे. दार-खिडकी १.२ मीटरहून रुंद नको, आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून १.२ मीटर दूर हवी. खिडकीच्या वरच्या पातळीवर आणि छपराखाली लाकडाचा किंवा बांबूचा पट्टा घरभर फिरवायचा, कोपऱ्यात तुटू द्यायचा नाही. धरणी हलली की चार भिंती चार दिशांना जाऊ बघतात, हा पट्टा त्यांना दोर बांधल्यासारखा एकत्र ठेवतो.

तिसरा दिवस: पालमपूर, कंडबाडी

धरमशाला ते पालमपूर पस्तीसेक किलोमीटर, बस भरपूर. चहाचे मळे रस्त्याला लागूनच आहेत. ते बघायला वेगळा दिवस ठेवायची गरज नाही.

कंडबाडीला संभावना संस्थेचा परिसर दीदींनी घडवलेला. इथे निवासी शिबिरं चालतात, त्यामुळे आधी कळवून, परवानगी घेऊन जावं. वेळ जुळली आणि बांधकामाचं शिबिर मिळालं तर उत्तमच, कारण मातीकाम वाचून फक्त निम्मं कळतं. उरलेलं निम्मं तळहाताला कळतं.

मातीची परीक्षा घरी, कोकणात किंवा देशावरही करता येते. वरची वीतभर माती काढून टाकायची, तिच्यात मुळं आणि कुजकट असतं. खालची माती काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश भरायची, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरात हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते. मग गाळ बसायला तास-दोन तास. चिकणमाती सगळ्यात शेवटी, म्हणून थर मोजायचे ते दुसऱ्या दिवशी. चिकणमाती १५ ते ३० टक्क्यांत असेल तर विटेला चालते.

दुसरी परीक्षा वळीची. ओलसर माती मळून तीन सेंटिमीटर जाडीची वळी करायची आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. पाच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती भुसभुशीत, वीट उचलताना कोपरे गळतील. पंधराच्या पुढे गेली तरी तुटली नाही तर फार चिकट, वाळताना तडकेल. तशा मातीत वाळू घालायची. आपल्याकडची काळी कपाशीची जमीन या परीक्षेत सरळ नापास होते. ती ओलीने फुगते, उन्हाने फाटते. तिच्या विटा पाडू नयेत.

माती रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पायाने तुडवतात. खालची ढेकळं टाचेला लागायची थांबली की झालं. मग भाताचं तूस किंवा पेंढ्याचे तुकडे. त्यांचं काम मातीला पोलादासारखं करणं नाही. वाळताना वीट आक्रसते तो ताण एका मोठ्या भेगेत न जाता शंभर बारीक भेगांत वाटला जातो. साचा पाण्यात बुडवून घ्यायचा, गोळा हाताने नुसता ठेवायचा नाही, जोराने आपटायचा, नाहीतर कोपऱ्यात पोकळी राहते. साचा उचलल्यावर वीट बसली, तर पाणी जास्त झालं. साच्याला चिकटून वर आली, तर कमी.

तीन-चार दिवस आडवी, मग कडेवर उभी, एकूण तीन-चार आठवडे. घाई इथेच नडते. बाहेरून वाळलेली वीट मध्ये ओली असते. ती भिंतीत गेली की वरच्या थरांच्या वजनाने दबते आणि भिंत पोट काढते. खात्री करायची तर एक वीट मधोमध फोडून बघायची: आतला रंग बाहेरच्यासारखाच फिका दिसला पाहिजे. मध्ये गडद पट्टा असेल तर अजून आठवडा.

गिलाव्याचं प्रमाण कुणी सांगितलं तरी मानू नये, माती गावागणिक बदलते. भिंतीवर फूटभर चौकोनी तीन नमुने लावावेत, एक भाग मातीला एक, दोन आणि तीन भाग वाळू असे. चार दिवसांनी ज्याला तडा नाही आणि हात फिरवल्यावर पीठ निघत नाही, तो आपला. शेवटच्या हातात चाळलेली माती आणि दोन-चार दिवस मुरवलेलं शेण. सारवणाची सवय असलेल्या हाताला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

एक सूचना, जिच्याकडे हौशी घरबांधे दुर्लक्ष करतात: न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची ओली भिंत मातीची करू नये. दगड किंवा भाजलेली वीट वापरावी आणि नळ मातीतून न नेता उघड्यावरून न्यावेत. छपराची गळती वरून दिसते, भिंतीत पुरलेल्या नळाची गळती भिंत बसल्यावरच कळते.

चौथा दिवस: अंद्रेटा

पालमपूरहून बारा-तेरा किलोमीटर. नॅरोगेज चालू असेल तर पंचरुखी स्टेशनात उतरून दोन-तीन किलोमीटर चालत. कांगड्यात आल्यावर दीदी आधी इथे राहिल्या. पण हे गाव त्याआधी आणखी एका बाईमुळे ओळखलं जात होतं. नोरा रिचर्ड्स, जन्म १८७६, आयर्लंडच्या रंगभूमीवरची नटी. नवरा लाहोरच्या दयालसिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायला आला, तिने तिथल्या पोरांना सांगितलं की नाटक आपल्या भाषेत, आपल्या गावाबद्दल लिहा. ईश्वरचंद्र नंदा यांचं ‘दुल्हन’ १९१४ मध्ये त्यातूनच उभं राहिलं. आधुनिक पंजाबी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. नवरा वारल्यावर ती परत गेली, पण राहवलं नाही. १९२४ मध्ये पुन्हा आली आणि पुढे अंद्रेट्यात घर करून १९७१ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिली. मुंबईत पृथ्वी थिएटर्स चालवणारे पृथ्वीराज कपूर तिला भेटायला इथवर आलेले आहेत.

तिचं घर, चमेली निवास, मातीचं आणि स्लेटचं. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाकडे ते आहे. तिच्या वाढदिवसाच्या सुमारास, २९ ऑक्टोबरला, विद्यार्थी इथे नाटकं करतात. सहल त्या बेताने आखली तर घर नुसतं बंद दाराआडून बघावं लागत नाही. इथेही आधी पागोळीची रेष बघायची.

शेजारी चित्रकार सोभा सिंग यांचं कलादालन आहे. फाळणीनंतर ते इथे आले. अर्धा तास पुरे. त्याहून जास्त वेळ अंद्रेटा पॉटरीला द्यावा. कालच्या धड्याची दुसरी बाजू इथे दिसते: कुंभाराला जी चिकट माती हवी असते, ती वीट पाडणाऱ्याला नको असते. चाकावर ओढायला लवचिकपणा लागतो, तडकण्याची भीती भांड्याच्या पातळ अंगामुळे आणि सावलीत हळू वाळवण्याने आटोक्यात राहते. चाकावर बसायला मिळत असेल तर बसा; पहिलं भांडं हमखास कलंडतं, कारण नवशिका माणूस माती मध्यावर यायच्या आत तिला वर ओढायला लागतो.

पाचवा दिवस: बैजनाथ, बीड

सकाळी बैजनाथ. १२०४च्या सुमाराचं शिवमंदिर, आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी भावांनी बांधवलेलं. १९०५च्या हादऱ्यात कांगड्याचं वज्रेश्वरीचं देऊळ कोसळलं, हे उभं राहिलं.

तिथून बीड बाराएक किलोमीटर. बहुतेक लोक बिलिंगवरून पॅराग्लायडिंग करायला येतात. २०१५ मध्ये विश्वचषक इथेच झाला. करायचं असेल तर सकाळी लवकर उरका आणि नंतर धर्मालय संस्थेकडे निघा. शेवटची वाट चढाची आहे, चिखल असतो, चपला नकोत.

धर्मालय हे दीदींच्या उतारवयातलं मोठं काम. इथे मुक्काम, श्रमदान आणि बांधकामाचं शिक्षण एकत्र चालतं. आधी ठरवून गेल्याशिवाय आत सोडतीलच असं नाही. पाहायचं ते एवढंच, की इमारत उताराला आडवी न पडता उताराबरोबर उतरते. डोंगरावरून येणारं पाणी मागच्या भिंतीला थडकू नये म्हणून त्या बाजूला चर खणून ते वळवावं लागतं. मातीच्या घरांत पुढची भिंत सगळे सांभाळतात. घर खचतं ते मागच्या, न दिसणाऱ्या, डोंगराला टेकलेल्या भिंतीतून.

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस या फेरीला बरे. विटा पाडताना बघायच्या तर उन्हाळा, कारण विटा जूनच्या आत वाळून छपराखाली जायला हव्यात. पण घरांची परीक्षा बघायची असेल तर पाऊस नुकता ओसरलेला असताना या. तेव्हा अंगणातली पागोळीची चर ताजी असते, तिच्यातले बारीक खडे धुऊन वर आलेले असतात, आणि तिथून जोत्यापर्यंतची जमीन कोरडी आहे की नाही हे हात टेकवून बघता येतं. परतीची गाडी पठाणकोटहून. बीडहून रस्त्याने पाच तास तरी हाताशी ठेवा.